सांगता न येणारी दातदुखी

बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा किंवा मोठा भाऊ अचानक पोळी बाजूला सारून नुसता मऊ भात मागू लागला, एकाच बाजूने चावू लागला, स्वतःच्या गालावर चापट्या मारू लागला, रात्री उठून बसू लागला, तर हट्ट करतोय म्हणून सोडून देऊ नका. आधी तोंड बघा.

त्याला खुर्चीत बसवा, मागे उभे राहा आणि त्याचं डोकं तुमच्या पोटाशी टेकू द्या. समोरून तोंडाकडे येणारा हात अनेकांना सहन होत नाही. ‘आता ओठ उचलते हं’ असं सांगून मगच उचला. टॉर्च डोळ्यांवर पडू देऊ नका. बोट गालाच्या आतून, दातांच्या बाहेरच्या अंगाने फिरवा. वरच्या-खालच्या दातांमध्ये कधीही घालू नका. हिरडीवरची पुटकुळी किंवा तुटलेला कोपरा बघायला ‘आ’ करायला लावायचीही गरज नसते.

सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली पसरतेय, गिळता येत नाही, श्वासाला त्रास होतोय, असं दिसलं तर दंतवैद्य शोधत बसू नका. थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

पडून किंवा फीट येऊन कायमचा दात निखळला, तर मूळ सोडून वरच्या भागाला धरा. मळला असेल तर थंड पाण्यात हलकेच विसळा, घासू नका. एरवी तो लगेच खोबणीत बसवायला सांगतात. पण ज्याला फिटा येतात किंवा जो दात गिळून टाकेल, त्याच्यावर हा प्रयोग नको. दात थंड दुधात ठेवा आणि तासाच्या आत डॉक्टर गाठा. दुधाचा दात परत बसवत नाहीत. दात सापडलाच नाही तर तेही सांगा. तो श्वासनलिकेत गेला असू शकतो. रक्त थांबवायला कापडाची घडी दाबून धरा, टोक मात्र आपल्या हातात ठेवा.

दुखण्यावर वजनाच्या मानाने पॅरासिटामॉल द्या. ॲस्पिरिन किंवा लवंग तेल हिरडीवर ठेवू नका, हिरडी भाजते.

निघण्याआधी फोन करा. माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं. फिटांच्या गोळ्या, हृदयाचा दोष (डाऊन सिंड्रोममध्ये तो बऱ्याचदा असतो), ॲलर्जी, कशाला घाबरतो, सगळं सांगा. गर्दी नसलेली वेळ मागा. पूर्ण भूल द्यावी लागेल का, तेही विचारा. तशी शक्यता असेल तर सहसा जेवण 6 तास आणि पाणी 2 तास आधी बंद करतात. फिटांची गोळी मात्र स्वतःहून चुकवू नका. वय 18 च्या पुढे असेल आणि नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली पालकत्व घेतलं असेल, तर तो कागद बरोबर न्या. खाजगी दवाखान्याने नाही म्हटलं, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत.

दात काढून घरी आलात की ओठ काही तास बधिर असतो. त्याला ते विचित्र वाटतं, मग तो ओठ चावत सुटतो आणि जखम करून घेतो. बधिरपणा उतरेपर्यंत शेजारी बसा, गरम चहा देऊ नका.