सायक्लोस्टाइलवरचा चंद्र

१९८० साली जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता आणि मी एका वर्तमानपत्राचा हौशी वार्ताहर. दिवसा बाजारभाव, सभा, अपघात लिहून पोस्टात टाकायचे. रात्री जुन्या जालन्यातल्या आमच्या वाड्यात चौघा मित्रांनी विज्ञानकथांवर भांडायचं. वाचनालयातले अनंत अंतरकरांच्या ‘नवल’चे अंक आणि १९७९मध्ये आलेलं जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’, एवढी शिदोरी. तेवढ्यावर स्वतःचा अंक काढायची खुमखुमी आली. वर्षभरात चार निघाले. त्यांनी शिकवलं ते असं:

१. नाव नंतर ठेवा. नावावरून पंधरा दिवस वाद घातला. शेवटी पहिला अंक बिननावाचाच निघाला. कुणाचंही अडलं नाही.

२. जागा कमी असू द्या. कुंडलिका ओलांडून नव्या जालन्यात गेलं की एका टायपिंग क्लासात सायक्लोस्टाइल यंत्र होतं. स्टेन्सिलवर टोकदार लेखणीनं हातानं लिहायचं. जोर जास्त पडला की ‘व’चं पोट फाटे आणि तिथे शाईचा डाग उमटे. स्टेन्सिल वाया गेलं की चौघांचा चहा बंद. त्या धाकानं विशेषणं आपोआप गळाली. बातमी कापायला मला संपादकांच्याही आधी स्टेन्सिलनं शिकवलं.

३. वाचकाचा पत्ता छापा. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू केलं. त्यात वाचकांची पत्रं पत्त्यासकट छापत. वाचक परस्परांना लिहू लागले, त्यांची मंडळं जमली आणि १९३०मध्ये ‘सायन्स करस्पाँडन्स क्लब’नं ‘द कॉमेट’ हा हौशी अंक काढला. हे मला फार उशिरा कळलं. आम्ही पत्ते छापले ते पान भरेना म्हणून! पण परभणीच्या वाचकानं अंबडच्या वाचकाला पत्र घातलं आणि तिसऱ्या अंकातली कथा दोघांनी मिळून पाठवली. त्यांची तोपर्यंत गाठसुद्धा पडली नव्हती.

४. कथा नाव झाकून वाचा. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं, पत्नीच्या अक्षरात लिहवून पाठवली. पहिलं बक्षीस मिळालं ते कथेला. आम्ही मात्र दहावीतल्या एका मुलाची कथा त्याचं वय बघूनच परत केली. ते अजून टोचतं.

५. चूक पहिल्या पानावर कबूल करा. माझ्या कथेत चंद्रावर कानठळ्या बसवणारा स्फोट झाला. एका शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं: हवाच नाही तिथं आवाज कुठला? पुढच्या अंकात ते कार्ड पहिल्याच पानावर घेतलं. त्यानंतर पत्रं वाढली. वार्ताहर म्हणून पुढे खुलासा छापताना मला कधी कमीपणा वाटला नाही, तो या कार्डामुळे.

६. एक प्रत जपा. आम्ही सगळे अंक वाटून टाकले. चौथ्याची एकही प्रत आज माझ्याकडे नाही. तो कागद पिवळा पडतो, पिना गंजतात आणि रद्दीवाला फक्त वजन बघतो. तुमच्या माळ्यावर असा एखादा अंक असेल, तर दिवाळीच्या साफसफाईआधी तो गावातल्या वाचनालयात नेऊन द्या.