कंपाइलचे काम किती हातांना द्यावे?

कपड्याच्या कारखान्यात कटिंगचे टेबल एकच आहे आणि त्याभोवती आठ कारागीर उभे केले, तर काम आठपट होत नाही. थान ठेवायला जागा उरत नाही, एकाचा कपडा दुसऱ्याच्या कपड्याखाली जातो आणि मालाचा दिवस चुकतो. कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर कंपाइल करतानाही नेमकी हीच चूक होते. ज्यांच्या घरची मुले कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान चालवतात, किंवा ज्यांनी हिशेबाच्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातले आहे, त्यांनी हा विषय समजून घ्यावा.

लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्राम तयार मिळतात. पण काही वेळा प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, म्हणजे सोर्स, आणून तो आपल्याच मशीनवर चालू शकेल अशा रूपात बदलावा लागतो. यालाच कंपाइल करणे म्हणतात. जेंटू नावाच्या लिनक्समध्ये तर ही नेहमीचीच पद्धत आहे. सोर्सच्या शेकडो फाइली असतात. त्यांतली कोणती केव्हा कंपाइल करायची, हे पाहणारा मुकादम म्हणजे ‘मेक’ हा प्रोग्राम. तो स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये प्रथम लिहिला.

काही न सांगता मेक चालवला, तर तो एका वेळी एकच फाइल घेतो. मेकपुढे आडवी रेघ, जे हे इंग्रजी अक्षर आणि आकडा लिहिला, की तितकी कामे, म्हणजे जॉब, एकदम सुरू होतात. जे लिहून आकडा द्यायचा राहिला, तर जॉबना मर्यादाच राहत नाही! मोठ्या सॉफ्टवेअरवर ही चूक कधीही करू नये.

मग आकडा कोणता द्यावा? दोन गोष्टी मोजाव्यात.

पहिली, हात किती. एन, पी, आर, ओ, सी ही पाच अक्षरे टाइप केली, की प्रोसेसर एका वेळी किती कामे हाताळू शकतो ते कळते.

दुसरी, टेबल किती मोठे. हे टेबल म्हणजे रॅम. जेंटूच्या मार्गदर्शिकेत प्रत्येक जॉबमागे निदान २ जीबी रॅम धरावी, असे सांगितले आहे. म्हणून रॅमच्या जीबीला २ ने भागावे.

या दोन आकड्यांत जो लहान, तो आपला आकडा. समजा, मशीन ८ कामे हाताळणारे आहे, पण रॅम ८ जीबीच आहे. ८ भागिले २ म्हणजे ४. तेव्हा आकडा ४ द्यावा, ८ नव्हे. उलट, मशीन ४ कामांचे आणि रॅम १६ जीबी असेल, तरी आकडा ४ च. त्याच मशीनवर बिले चालू असतील, तर आणखी एक-दोन कमी करावेत. गिऱ्हाईक काउंटरवर उभे असताना बिल अडकले, तर वाचवलेली दहा मिनिटे महागात पडतात.

रॅम कमी पडली, की मशीन डिस्कचा आधार घेते. डिस्क रॅमपेक्षा फार सावकाश असते, त्यामुळे माऊससुद्धा हलेनासा होतो. तरीही भागले नाही, तर लिनक्स एखादे काम स्वतःच मारून टाकते आणि पडद्यावर ‘किल्ड’ असा शब्द येतो. पुष्कळांना वाटते सोर्समध्येच खोट आहे. तसे समजू नये. आकडा निम्मा करून मेक पुन्हा चालवावा. ज्या फाइली तयार झाल्या आहेत, त्या मेक सहसा पुन्हा करत नाही. त्यामुळे झालेली मेहनत वाया जात नाही.

आकडा वाढवत नेला म्हणून वेळही त्या प्रमाणात घटत नाही. समजा, एका जॉबने ६० मिनिटे लागतात. त्यातली १० मिनिटे तयार तुकडे जोडण्याची आहेत आणि ते काम वाटता येत नाही. उरलेली ५० मिनिटे ४ जॉबमध्ये वाटली, तर एकूण साडेबावीस मिनिटे लागतील. ८ जॉबमध्ये वाटली, तर सव्वासोळा. म्हणजे हात दुप्पट केले, पण वाचली सव्वासहा मिनिटे. आणि कितीही हात लावले, तरी ती १० मिनिटे सुटत नाहीत. जीन अमडाल यांनी १९६७ साली हाच हिशेब मांडला होता.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एकाच वेळी दोन सॉफ्टवेअर कंपाइल करायला घेतली आणि प्रत्येकाला ४ चा आकडा दिला, तर ८ जॉब होतात. रॅमचा हिशेब ८ चाच करावा. दुसरे, काम मध्येच अडले आणि अनेक जॉबचे संदेश एकमेकांत मिसळून काही कळेनासे झाले, तर १ चा आकडा देऊन पुन्हा चालवावे. चूक कोणत्या फाइलीत आहे ते स्पष्ट दिसते. कधी कधी तर १ वर काम बिनबोभाट पूर्ण होते. तसे झाले, तर त्या सॉफ्टवेअरमध्ये कामांचा क्रम नीट लिहिलेला नाही, असा संशय धरावा.

मशीन नवे घ्यायचे असेल, तरी हाच हिशेब दुकानदारापुढे ठेवावा. प्रोसेसरचा आकडा मोठा आणि रॅम तुटपुंजी, अशा मशीनवर कंपाइलसाठी पैसे घालू नयेत. आधी टेबल, मग कारागीर.