दिवस मोज, रिपोर्ट नको (२०२१)

सोनू, दार उघड आधी. टिळकनगरहून चालत आलेय, हातात डबा आहे, आणि बंद दाराशी बोलायची मला सवय नाही.

बरं, नाहीच उघडत तर ऐक तरी. कोरोनाचा ताप कधी उतरला तुझा? पाचव्या दिवशी. आज सव्विसावा. परवा फोडणी करपली, ती आतून तूच आधी ओळखलीस, म्हणजे वासही आला परत. मग ऑफिसने ‘निगेटिव्ह रिपोर्ट आणा’ म्हटलं, तू निमूट स्वॅब देऊन आलीस, पॉझिटिव्ह निघाला, आणि आता पोर बाहेर रडतंय, तू आत.

अगं, ती आरटीपीसीआर विषाणू जिवंत आहे की मेलाय, हे बघतच नाही. त्याच्या आरएनएचा तुकडा सापडला की पॉझिटिव्ह. श्वासमार्गाच्या अस्तरातल्या पेशी झडतात ना, त्यांच्याबरोबर हे मेलेले तुकडे आठवडेच्या आठवडे निघत राहतात. दिवाळी होऊन महिना झाला तरी गॅलरीच्या कोपऱ्यात लवंगी माळेचे कागद सापडतात. त्यांनी हात भाजतो का?

कोरियाने हे मे २०२०मध्ये नीट तपासलं. बरे होऊन पुन्हा पॉझिटिव्ह आलेले २८५ जण, आणि त्यांच्या संपर्कातली ७९० माणसं. केवळ या परत पॉझिटिव्ह आलेल्यांमुळेच लागण झाली, असं एकही उदाहरण मिळालं नाही. १०८ जणांच्या नमुन्यांतून विषाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहिला. एकातही वाढला नाही. मला हा १०८चाच आकडा पटतो. संपर्कातल्या माणसांचं काय, कुणी मास्क लावून लांब बसलं असेल. पण वाढला नाही म्हणजे नाही.

आपल्याकडेही त्याच मे महिन्यापासून सौम्य आजाराला सोडताना पुन्हा चाचणी लागत नाही. लक्षणं दिसल्यापासून दहा दिवस, त्यात शेवटचे तीन बिनतापाचे, पुढे सात दिवस घरात. तुझे सतरा कधीच सरले. हां, किडनी बदललेल्यांचं, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या खाणाऱ्यांचं किंवा आयसीयूतून आलेल्यांचं गणित वेगळं. त्यांच्या अंगात जिवंत विषाणू जास्त दिवस राहू शकतो, त्यांनी डॉक्टरांनाच विचारायचं.

पुन्हा होतच नाही, असंही मी म्हणत नाही. मुंबईतल्या नायर आणि हिंदुजा हॉस्पिटलमधल्या चार आरोग्य कर्मचाऱ्यांना काही आठवड्यांतच दुसऱ्यांदा झाला. जनुकीय तपासणीत दोन्ही वेळचे विषाणू वेगळे निघाले. दुसरं दुखणं पहिल्याहून जड गेलं बिचाऱ्यांना. पण त्यांना त्रास होत होता गं. उद्या तुला पुन्हा ताप आला, घसा धरला, तर मीच तुला आत कोंडेन.

कळतंय मला, फेब्रुवारीपासून चेंबूरचं नाव रोज बातम्यांत आहे. पाचाहून जास्त रुग्ण निघाले की इमारत सील, त्यामुळे सगळ्या सोसायट्यांचे सेक्रेटरी धास्तावलेत. भीती खोटी नाही त्यांची. पण भीतीचा भुर्दंड कुणाला पडतो, सांगू? आमच्याकडे कामाला येतात ना मावशी, त्यांना बरं होऊन दीड महिना झाला तरी गेटवर अडवलं. निगेटिव्ह रिपोर्ट दाखवा म्हणे. महिनाभर बाई घरी बसल्या. मी त्यांचा पगार दिला, बाकीच्या दोन घरांनी नाही दिला. आणि मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोंड उघडलं तेही तीन आठवड्यांनी, हे तुलाच सांगतेय.

ऑफिसला डॉक्टरांचं फिट सर्टिफिकेट दे आणि दिवस मोजून दाखव. आणखी एक स्वॅब देऊन बसू नकोस. तोही पॉझिटिव्ह आला तर परत रडशील.

वालाचं बिरडं केलंय, गार होतंय. पोराला मांडीवर घेऊन जेव आज. कडी काढलीस का?