मंडळातली दाद आणि कवितेची पारख

प्रश्न : मी इंदूरला राहते. आमच्या मंडळात दर महिन्याला नवी कविता वाचते. सगळे प्रेमाने 'वा!' म्हणतात, पण कविता जमली की नाही, हेच कळत नाही. काय करावं?

उत्तर : ती दाद खोटी मानू नका. जिव्हाळ्याची माणसं कवीच्या फार कामी येतात. मध्य भारतात हयात घालवलेल्या कवी भा. रा. तांबे यांचा पहिला संग्रह १९२० साली वा. गो. मायदेवांनी संपादित केला आणि १९३५ साली त्यांची समग्र कविता माधव जूलियन यांनी. हे जूलियन पुण्याच्या रविकिरण मंडळातले. १९२३ साली जमलेली ती मंडळी एकमेकांना कविता ऐकवत आणि त्यावर चर्चाही करत.

दादेसोबत अशी पारखही हवी असेल, तर पुढच्या बैठकीत कविता स्वतः वाचू नका. आपला आवाज लंगडी ओळ सावरून घेतो. कागद मैत्रिणीच्या हाती द्या, तुम्ही पेन्सिल घेऊन ऐका. ती जिथे अडखळेल, भलत्याच शब्दावर जोर देईल, तिथे खूण करा. नंतर 'आवडली का?' असं विचारू नका. 'कुठली ओळ आठवते?' असं विचारा. कुणालाच न आठवलेलं कडवं घरी वगळून वाचून बघा. मात्र हिंदी-माळवीच्या शेजारातून आलेला एखादा शब्द कुणाला खटकला, तर तो घाईने खोडू नका.