शिक्षकाच्या घरचा संगणक व मुक्त सॉफ्टवेअर
(केंद्रसंमेलनात वाचनासाठी अभ्यासलेख)



प्राथमिक शाळेचे बरेचसे लेखी काम आता सायंकाळी शिक्षकाच्या घरी संगणकावर होते, ही गोष्ट आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. विद्यार्थ्यांच्या याद्या, जन्मतारखा, पोषण आहाराचा हिशेब, चाचणीच्या प्रश्नपत्रिका, पालकसभेचे इतिवृत्त, यू-डायस प्लससाठी लागणारी माहिती ही सारी कामे घरच्या संगणकावरच तयार होतात. त्यामुळे घरच्या संगणकात कोणती साधने आहेत, हा प्रश्न केवळ खाजगी सोयीचा राहिलेला नाही. तो शाळेच्या दप्तराचा प्रश्न झाला आहे.

जनरल रजिस्टरातील एक ओळ मुलाला जन्मभर पुरते. शाळा सोडल्याचा दाखला तिच्यावरून निघतो. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या नावाची नोंद शोधीत लोक पन्नास-साठ वर्षांनी शाळेच्या दारात येतात, आणि त्या काळच्या गुरुजींनी शाईने लिहिलेले पान अद्याप वाचता येते. आज आपण संगणकावर केलेली यादी दहा वर्षांनी तरी उघडेल काय, आणि उघडली तर वाचता येईल काय, हा विचार प्रत्येक शिक्षकाने करावयास हवा. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

१. फुकट आणि मुक्त

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला काम सांगणारी आज्ञावली. विनामूल्य मिळणाऱ्या सर्वच आज्ञावली सारख्या नसतात. काहींची किंमत नसते, पण त्यांची प्रत दुसऱ्यास देण्याची परवानगी नसते. काही आपल्यासोबत जाहिराती आणतात. काही मुदत संपताच बंद पडतात. विकत घ्यावयाच्या आज्ञावलीची चोरटी प्रत बसविणे हा तर कायद्याने गुन्हा आहे, शिवाय अशा प्रतीबरोबर पुष्कळदा विषाणू येतो. मुलांना प्रामाणिकपणाचा पाठ देणाऱ्याने तो मार्ग धरू नये, हे सांगणे नकोच.

मुक्त सॉफ्टवेअरची कल्पना याहून निराळी आहे. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू या प्रकल्पाची घोषणा केली व त्यातून ही चळवळ उभी राहिली. मुक्त आज्ञावली वापरणाऱ्यास चार अधिकार असतात: ती कोणत्याही कामासाठी वापरावी, तिची रचना अभ्यासावी व गरजेप्रमाणे बदलावी, तिच्या प्रती इतरांस द्याव्यात, आणि सुधारलेली प्रतही इतरांस द्यावी. भारत सरकारनेही २०१५ मध्ये शासकीय कामात अशा आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. केरळ राज्यात २००१ मध्ये सुरू झालेल्या 'आयटी ॲट स्कूल' या उपक्रमाने पुढे शासकीय शाळांतील संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले.

या चारांपैकी तिसरा अधिकार आपल्या तालुक्यास विशेष उपयोगी आहे. पैनगंगा अभयारण्यालगतच्या गावांत व तांड्यांवर इंटरनेटची गती मंद असते. उमरखेड किंवा ढाणकी येथे एकदा उतरवून घेतलेली मुक्त आज्ञावली एका पेनड्राइव्हवरून केंद्रातील सर्व शाळांना देता येते. त्यात नियमभंग नाही व खर्चही नाही. बसविल्यानंतर पुढे उल्लेखिलेली साधने इंटरनेटवाचून चालतात.

२. मराठी लेखन

पूर्वी मराठी टंकलेखनासाठी निरनिराळे फाँट वापरीत. त्यांत संगणकाच्या लेखी अक्षरे इंग्रजीच असत. केवळ त्यांचे चित्र मराठी दिसे. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग दिसते. युनिकोड पद्धतीत, जिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली, देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा क्रमांक आहे. म्हणून युनिकोडमधील 'क' कोणत्याही यंत्रावर 'क'च राहतो. याद्यांचे वर्णानुक्रम लावणे व नाव शोधणे हेही मग संगणकास जमते.

यासाठी बहुधा काहीही विकत घ्यावे लागत नाही. इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कळफलक प्रचलित संगणकप्रणालींत आधीच असतो. तो फक्त सुरू करावयाचा असतो. त्याची रचना शिक्षकास आवडेल अशी आहे. स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. ज्या कळीवर 'क' आहे, तीच शिफ्टसह दाबली की 'ख' उमटतो. 'ग'च्या कळीवर 'घ'. अल्पप्राण-महाप्राणांची जोडी येथे एका कळीवर नांदते. जोडाक्षरासाठी पहिले व्यंजन, मग हलन्त, मग दुसरे व्यंजन. 'वऱ्हाड' हा आपला शब्द लिहिताना साधा 'र' घेतला तर 'वर्हाड' असे चुकीचे रूप उमटते. तेथे 'र'ची कळ शिफ्टसह दाबून 'ऱ' घ्यावा, मग हलन्त व 'ह'. रोज पंधरा मिनिटे सराव ठेवला तर थोड्याच दिवसांत हात बसतो.

सुबक छपाईसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' व 'बलू' हे फाँट खुल्या परवान्याने मिळतात. मोठ्या अक्षरांच्या वाचनपट्ट्यांसाठी ते चांगले.

३. लेखन व हिशेब: लिब्रेऑफिस

पत्रे, प्रश्नपत्रिका, तक्ते व सादरीकरण यांसाठी लिब्रेऑफिस हा आज्ञावलीसंच पुरेसा आहे. तो २०१० मध्ये ओपनऑफिस या जुन्या संचापासून निघाला. त्याच्या फायलींचा नमुना खुला असून २००६ मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली आहे. म्हणजे उद्या ही आज्ञावली नाहीशी झाली, तरी दुसऱ्या कोणालाही त्या फायली उघडणारे साधन बनविता येईल. दप्तर दीर्घकाळ टिकावे असे वाटत असेल, तर हा गुण सर्वांत मोलाचा आहे.

या संचातील 'कॅल्क' हा तक्त्याचा भाग वापरताना एक धोका ध्यानी घ्यावा. जन्मतारीख ०३/०६/२०१८ अशी लिहिली आणि संगणकाची भाषा-मांडणी अमेरिकन असली, तर तो ३ जूनऐवजी ६ मार्च समजतो. १३/०६/२०१८ लिहिली तर तेरावा महिना नसल्याने तिला तारीखच मानीत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे: स्वीकारलेली तारीख चौकटीच्या उजव्या कडेस सरकते, न स्वीकारलेली डाव्या कडेस राहते. एकाच स्तंभात काही तारखा डावीकडे व काही उजवीकडे दिसल्या, की उजवीकडच्याही संशयास्पद समजाव्यात. उपाय असा की, आरंभीच भाषा-मांडणी भारताची निवडावी, आणि भरलेली यादी एकाने रजिस्टरातून वाचावी व दुसऱ्याने पडद्यावर ताडून पाहावी. इयत्ता पहिलीत चुकलेली तारीख दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत पाठलाग करते.

यादी दुसऱ्या प्रणालीत भरण्यासाठी सीएसव्ही नमुन्यात साठवावयाची असेल, तेव्हा 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडावा; अन्यथा मराठी नावे बिघडतात.

४. छायाचित्रे व फायलींचा आकार

पोर्टलवर छायाचित्र चढविताना 'आकार मोठा आहे' असा संदेश येतो. अशा वेळी अनेक जण फाइल झिप करून पाहतात, पण आकार फारसा घटत नाही. कारण उघड आहे. मोबाइलने काढलेले छायाचित्र आधीच आवळलेले असते. त्याची लांबी-रुंदीच कमी केली पाहिजे. ४००० बाय ३००० बिंदूंच्या चित्रात १ कोटी २० लाख बिंदू असतात. ते ८०० बाय ६०० केले की ४ लाख ८० हजार, म्हणजे पंचविसावा भाग उरतो. १९९६ मध्ये प्रथम प्रकाशात आलेल्या 'गिम्प' या मुक्त आज्ञावलीने हे काम होते. मूळ चित्र मात्र तसेच ठेवावे व लहान प्रत वेगळ्या नावाने साठवावी. इयत्ता चौथीच्या क्षेत्रफळाच्या पाठास हे उदाहरण चांगले जोडता येईल.

पुष्कळ फायली एका गाठोड्यात बांधावयाच्या असतील, तर 'सेव्हन-झिप' वापरावी. इगॉर पाव्हलॉव्ह या रशियन कार्यकर्त्याने १९९९ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिच्या गाठोड्यास परवलीचा शब्द लावता येतो. मुलांची वैयक्तिक माहिती पेनड्राइव्हवरून नेताना तो अवश्य लावावा. अनेक पीडीएफ पाने जोडणे अथवा सुटी करणे यासाठी 'पीडीएफसॅम बेसिक' ही आज्ञावली आहे. मुलांचे आधार क्रमांक असलेली पाने जोडण्यासाठी अनोळखी संकेतस्थळावर चढवू नयेत. तेच काम घरच्या संगणकावर होते.

५. ध्वनी व चलच्चित्रे

शैक्षणिक चित्रफिती पेनड्राइव्हवर असतात, पण वर्गात ऐन वेळी उघडत नाहीत. पॅरिसमधील एका तंत्रशिक्षणसंस्थेतील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून 'व्हीएलसी' निर्माण झाली व २००१ पासून ती मुक्त आहे. प्रचलित बहुतेक नमुन्यांच्या फिती ती स्वतःच उघडते. कवितेची फीत सावकाश चालविण्याची सोयही तिच्यात आहे.

ध्वनिमुद्रणासाठी 'ऑडॅसिटी' घ्यावी. ती २००० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. हिचा उपयोग आपल्या तालुक्यात केवळ गमतीचा नाही. तांड्यावरून येणारे मूल घरी गोरमाटी बोलते आणि पहिलीच्या वर्गात एकदम प्रमाण मराठीला सामोरे जाते. तांड्यातील आजीने सांगितलेली गोष्ट तिच्या संमतीने मुद्रित करावी, मधले अडथळे कापावेत, वर्गात ऐकवावी आणि मग तीच गोष्ट मराठीत सांगावी. मुलाची भाषा वर्गात मानाने आली की मूल बोलू लागते. जो बोलू लागला तो वाचावयासही लवकर लागतो.

६. जपणूक

संगणक बिघडतो, चोरीस जातो, विजेच्या झटक्याने जळतो. म्हणून तीन-दोन-एक हा नियम पाळावा: महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी. एक प्रत संगणकात, एक शाळेच्या कपाटातील हार्डडिस्कवर आणि एक केंद्रशाळेत, अशी व्यवस्था सहज जमते. महिन्यातून एकदा प्रत उघडून पाहावी. न उघडणारी प्रत म्हणजे प्रत नव्हे.

अनेक पोर्टलांचे परवलीचे शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहिण्याची सवय मोडावी. 'कीपास' ही मुक्त आज्ञावली सर्व शब्द एका कुलूपबंद फाइलमध्ये ठेवते. तिचा मुख्य शब्द विसरल्यास मात्र ती फाइल उघडत नाही, म्हणून तो शब्द बंद पाकिटात सुरक्षित ठेवावा.

आणखी एक गोष्ट. विंडोज १० या प्रणालीचा मोफत नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जो जुना संगणक पुढील आवृत्ती पेलत नाही तो लगेच भंगारात काढू नये. लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली त्यावर चालते काय, हे आधी पेनड्राइव्हवरून तपासावे. सी-डॅक या भारतीय संस्थेची 'बॉस' ही प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली आहे. बदल करण्यापूर्वी सर्व फायलींची प्रत काढावी, हे विसरू नये.

७. घ्यावयाची खबरदारी

(अ) आज्ञावली तिच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावी. शोधात वर दिसणारे जाहिरातीचे दुवे टाळावेत. मिळत्याजुळत्या नावाने फसवणूक होते.
(आ) बसविताना प्रत्येक पडदा वाचावा. डोळे झाकून 'पुढे' दाबू नये.
(इ) एका वेळी एकच आज्ञावली शिकावी. ती हाती बसल्यावर दुसरी घ्यावी.
(ई) संगणकातील यादी ही सोय आहे. मूळ जनरल रजिस्टर शाईने, स्वच्छ अक्षरांत, पूर्वीप्रमाणेच ठेवावे.

शिकण्यासाठी मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम उत्तम आहे. त्यातील लिब्रेऑफिस व इतर मुक्त साधनांचे छोटे पाठ मराठी निवेदनासह मिळतात. पाठ ऐकावा, थांबवावा व लगेच स्वतः करून पाहावा, अशी त्याची पद्धत आहे. कृतीतून शिक्षण हे तत्त्व आपण मुलांना सांगतो. येथे ते आपल्यास लागू पडते.

तात्पर्य, खर्च वाचतो हा मुक्त सॉफ्टवेअरचा लहान लाभ होय. शाळेच्या नोंदी कोणाच्याही परवानगीवाचून शाळेस उघडता याव्यात, शेजारच्या शाळेस देता याव्यात आणि पुढच्या पिढीस वाचता याव्यात, हा मोठा लाभ होय.

स्वाध्याय

१. आपल्या शाळेच्या जुन्या मराठी फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. ज्या वाचता येत नाहीत त्यांची यादी करा व त्यांतील आवश्यक मजकूर युनिकोडमध्ये आणा.
२. इयत्ता पहिलीच्या जन्मतारखांचा स्तंभ रजिस्टराशी दोघांनी मिळून ताडून पाहा.
३. केंद्रासाठी मुक्त आज्ञावलींचा एक पेनड्राइव्ह तयार करा व तो कोणत्या शाळेस दिला याची नोंद ठेवा.
४. परिसरातील बोलीतील एक गोष्ट मुद्रित करून पुढील केंद्रसंमेलनात ऐकवा.