पिकअप मोटारीस डीझेल एंजिन बसविताना गिअर-पेटीची निवड

शेतमालाची ने-आण करण्यासाठी जुनी पेट्रोल जीप किंवा तिच्यावर बांधलेली लहान पिकअप अद्यापि काही शेतकऱ्यांजवळ वापरात आहे. मूळ एंजिन झिजले म्हणजे जुन्या मोटारीतून निघालेले डीझेल एंजिन तिच्यात बसविण्याचा विचार साहजिकच मनात येतो. अशा वेळी एंजिनाच्या किमतीची घासाघीस पुष्कळ होते. गिअर-पेटीचा विचार मात्र एंजिन चौकटीत उतरल्यावर केला जातो. हा क्रम उलटा आहे. पेटी, आस आणि चाके यांचा हिशेब जमला नाही, तर उत्तम स्थितीतील एंजिनही भरल्या गाडीसह घाटात थांबते.

प्रथम टॉर्क, म्हणजे फिरत्या दांड्याच्या पिळाचा जोर, समजून घेतला पाहिजे. अश्वशक्तीस ७१६ ने गुणून मिनिटातील फेऱ्यांनी भागले असता टॉर्क किलोग्राम-मीटरमध्ये मिळतो. ५० अश्वशक्ती ४००० फेऱ्यांस देणाऱ्या पेट्रोल एंजिनाचा त्या वेगाचा टॉर्क सुमारे ९ किलोग्राम-मीटर येतो. तेवढीच शक्ती ३००० फेऱ्यांस देणाऱ्या डीझेल एंजिनाचा सुमारे १२ येतो. यावरून डीझेल म्हणजे जोर अधिक असा समज रूढ झाला आहे. अश्वशक्ती समान असेल तेव्हाच तो खरा ठरतो.

विलिस सीजे-३बी जातीची जीप महिंद्र कंपनीने भारतातही दीर्घकाळ बनविली. तिच्या मूळ पेट्रोल एंजिनाचा कमाल टॉर्क सुमारे १५.८ किलोग्राम-मीटर असून तो २००० फेऱ्यांसच मिळतो. १२ किलोग्राम-मीटरचे लहान डीझेल एंजिन तिच्यात घातल्यास इंधनाची बचत होईल, परंतु ओढ घटेल. उलटपक्षी टर्बो-चार्जर असलेल्या अलीकडच्या पिकअपमधील एंजिन २० किलोग्राम-मीटर किंवा त्याहून अधिक टॉर्क देते. तेवढ्या जोरासाठी जुनी पेटी घडविलेली नसते. पहिल्या गिअरमध्ये भरली गाडी हलविताना तिचे दाते व बेअरिंगे प्रथम बळी पडतात आणि त्यापाठोपाठ प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस जातात.

आता वेगाचा हिशेब पाहू. या जीपच्या तीन गतींच्या पेटीची गुणोत्तरे अनुक्रमे २.८०, १.५५ व १ असून आसातील क्राउन-पिनियनचे गुणोत्तर ५.३८ आहे. टायर एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर अंतर तोडतो असे धरू. एंजिनाचे फेरे, ६० आणि हे अंतर यांचा गुणाकार करून त्यास पेटी व आस या दोहोंच्या गुणोत्तरांनी आणि शेवटी १००० ने भागले, म्हणजे ताशी किलोमीटर मिळतात. वरच्या गिअरमध्ये ४००० फेऱ्यांस ९८ किलोमीटर येतात. डीझेल एंजिनाचा गव्हर्नर ३००० फेऱ्यांवर रोखणारा असेल, तर तीच गाडी ताशी ७४ किलोमीटरपलीकडे जाणार नाही, आणि सपाट रस्त्यावर एंजिन सतत कमाल फेऱ्यांवर ओरडत राहील.

यावर मिस्त्री मंडळी आसाचे गुणोत्तर बदलण्याचा सल्ला देतात. ५.३८ ऐवजी ४.२७ केल्यास ३००० फेऱ्यांस ९३ किलोमीटर मिळतात हे खरे. परंतु त्याची किंमत चढावर मोजावी लागते. भरलेल्या गाडीचे वजन २००० किलोग्राम आणि चढ दहास एक धरला, तर चढासाठी २०० व रस्त्याच्या घर्षणासाठी सुमारे ४० मिळून २४० किलोग्राम ओढ लागते. चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर आणि दातेचक्रांतील घट शेकडा १५ धरून काढलेले आकडे बोलके आहेत. मूळ पेट्रोल एंजिन दुसऱ्या गिअरमध्ये ३२० किलोग्राम ओढ देत असे. १२ किलोग्राम-मीटरचे डीझेल एंजिन मूळ आसासह २४३ देते, म्हणजे जेमतेम. आस ४.२७ चा केल्यास केवळ १९३ उरतात. माळशेज घाट चढताना ही गाडी दुसरा गिअर सोडून पहिल्यावर येईल आणि चढ संपेपर्यंत तेथेच राहील. शिवाय चढावर गाडी हलविताना क्लच अधिक वेळ घसरवावा लागून क्लच-प्लेट जळेल. चारही चाकांना जोर असणाऱ्या गाडीत पुढील व मागील दोन्ही आस एकाच गुणोत्तराचे हवेत. केवळ मागील बदलून चालत नाही, हेही खर्चात धरावे.

यास्तव आस मूळचाच ठेवून पाच गतींची पेटी बसविणे बहुधा अधिक हितावह ठरते. तिचा दुसरा गिअर २.२ असल्यास १२ किलोग्राम-मीटरचे एंजिनही ३४५ किलोग्राम ओढ देते. पाचवा ०.८० असल्यास सपाटीवर ९२ किलोमीटर मिळतात.

शक्यतो एंजिन, फ्लायव्हील, क्लच, बेल-हाउसिंग आणि पेटी हा सर्व संच एकाच मोटारीतून घ्यावा. निरनिराळ्या गाड्यांचे भाग जोडपट्टी लावून एकत्र केल्यास आकडे जुळूनही जोडणी फसते. पेटीच्या दांड्याचा मध्य व क्रँक-शाफ्टचा मध्य यांत एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून फारसा फरक नसावा. तो डायल-मापकाने पाहावा; नजरेच्या अंदाजावर विसंबू नये. फरक राहिल्यास क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर करकरतात आणि पायलट बेअरिंग लवकर खराब होते. क्लच-प्लेट मध्यभागी स्प्रिंगा असलेलीच घ्यावी, कारण डीझेल एंजिनाचे धक्के पेट्रोलपेक्षा तीव्र असतात. ज्या पेटीत सिंक्रोमेशची कडी पितळी आहेत, तिच्यात कारखान्याने सांगितलेल्या प्रतीचेच तेल घालावे. डिफरन्शिअलचे तीव्र गंधकयुक्त तेल पितळ खाते.

जीपमध्ये एक अडचण आणखी आहे. पेटीमागील ट्रान्सफर-केसमधून मागील प्रॉपेलर शाफ्ट मध्यावरून नव्हे, तर एका बाजूने निघतो आणि मागील डिफरन्शिअलही त्याच बाजूस असते. दोन चाकांच्या पिकअपची पेटी सरळ बसविल्यास शाफ्ट आसाशी जुळत नाही. नवी पेटी जुन्या ट्रान्सफर-केसशी जोडावयाची असेल, तर त्या जोडाची सोय आधी पाहावी. पेटी विकत घेऊन मग लेथवाल्याचे दार ठोठावू नये. शाफ्टची लांबी बदलल्यास तो तोलून घ्यावा.

ब्रेकविषयी थोडे, पण महत्त्वाचे. पेट्रोल एंजिनाच्या शोषनळीतील निर्वातावर ज्या गाडीचा ब्रेक-बूस्टर चालतो, तिच्यात डीझेल एंजिन बसताच ते साहाय्य थांबते. डीझेलमध्ये तसा निर्वात निर्माण होत नाही. स्वतंत्र निर्वात-पंप बसविल्यावाचून अशी गाडी घाटाच्या उतारावर नेणे प्राणघातक ठरू शकते. जड एंजिनामुळे पुढील पाटे बसतात, तेही तपासावे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ लक्षात घेता असा बदल नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेवाचून करता येत नाही. सबब एंजिनाचा विसार देण्यापूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि मान्यता मिळाल्यास विमा कंपनीसही लेखी कळवावे. मान्यता मिळण्याजोगी नसेल, तर मूळ पेट्रोल एंजिनाचे सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन बसविणे हाच मार्ग उरतो, आणि वर्षातून थोडेच दिवस चालणाऱ्या गाडीस तो बहुधा स्वस्तही पडतो.