जुना ग्राइंडर देण्याआधी

आपल्यापैकी अनेकांच्या कारखान्यात एखादा जुना, अवजड ग्राइंडर कोपऱ्यात पडून असतो. नवा आला की जुना एखाद्या होतकरू कारागिराला देऊन टाकावा, असे आपल्याला वाटते. विचार चांगला आहे. पण धोक्याचे यंत्र दिले तर ती मदत होत नाही.

बिडाचा सांगाडा सहसा झिजत नाही. झिजतात ती बेअरिंगे. वीज तोडून शाफ्ट हाताने फिरवावा. खरखर लागली तर बेअरिंग बदलावे. इन्सुलेशन व अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे.

खरा धोका चाकाचा. मिनिटाला २,८५० फेरे घेणाऱ्या ८ इंची चाकाची कड सेकंदाला सुमारे ३० मीटर वेगाने धावते. तडा असेल तर तुकडे गोळीसारखे सुटतात. म्हणून चाक उतरवून, टांगून, लाकडी मुठीने हलके ठोकावे. उतरवताना ध्यानात ठेवावे, समोरून पाहता डाव्या बाजूच्या नटाच्या आट्या उलट्या असतात. खणखणीत आवाज न येता बद्द आवाज आला तर ते चाक फोडूनच टाकावे. चाकावर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी नसावा. टूल रेस्ट आणि चाक यांत ३ मिलिमीटरहून जास्त फट नको. गार्ड नसेल तर आधी बसवावे. शेवटी बाजूला उभे राहून यंत्र एक मिनिट रिकामे चालवावे.

एवढे करणे जमत नसेल तर यंत्र भंगारात घालावे. ज्याला आपण ते देणार, त्याचे डोळे आणि बोटे हेच त्याचे भांडवल आहे.